‘अंडर रिव्ह्यू’ ते 15 एप्रिल

अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करणाऱ्याच्या हातातलं काम डिसेंबरच्या मध्याला संपतं आणि खरा कस तिथून पुढे लागतो. एसओपीचे, म्हणजे आपल्याला काय आणि का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनाचे, मसुदे लिहून, खोडून, पुन्हा लिहून झालेले असतात. सरांच्या मागे लागून शिफारसपत्रं अपलोड करून घेतलेली असतात. प्रत्येक अर्जामागे शंभर डॉलरच्या आसपास फी गेलेली असते. बहुतेक विभागांची डेडलाईन 1 किंवा 15 डिसेंबर, आणि निकाल जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीही. नक्की तारीख सहसा कुणी देत नाही. मग माणूस काय करणार? कुणाला कधी कळलं यावरून आपलं काय होणार हे ताडत बसतो. मी जैवसांख्यिकीसाठी, म्हणजे आरोग्य आणि जीवशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या संख्याशास्त्रासाठी, अर्ज केले होते, आणि तो सगळा हिवाळा याच ताडण्यात गेला. आज त्याच प्रक्रियेच्या आतल्या बाजूला उभी राहून पाहते तेव्हा त्यातलं काय खरं होतं आणि काय निव्वळ धसका होता हे बरंच स्पष्ट दिसतं. या वर्षी वाट पाहणाऱ्यांसाठी ते लिहून ठेवते आहे.

पदवीच्या प्रवेशाचं असं नसतं. एमआयटीचा पदवीच्या पहिल्या वर्षाचा निकाल बहुतेक वर्षी 14 मार्चला, म्हणजे तिथल्या पद्धतीने लिहिलेल्या 3/14 या तारखेला, संध्याकाळी 6 वाजून 28 मिनिटांनी लागतो. 3.14 म्हणजे गणितातला पाय (π) आणि 6.28 म्हणजे त्याची दुप्पट, असा त्यांचा हिशेब. आयव्ही लीगची, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ जुनी विद्यापीठं मार्चच्या अखेरीस एकाच संध्याकाळी निकाल जाहीर करतात. सगळ्यांना एकदमच कळतं, त्यामुळे वेळेवरून काही ओळखण्याचा प्रश्नच येत नाही. पीएचडीचा निर्णय मात्र विभाग घेतो, तिथल्या प्राध्यापकांची एक छोटी समिती घेते, आणि तोही शिकवणं, संशोधन, प्रवास सांभाळून. म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडतो.

आमच्याकडे सुरुवात झाली ती माझ्याच वर्गातल्या एका मित्राला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऍडमिट आला तेव्हा. विभाग तोच, जिथे मीही अर्ज केला होता. अभिनंदन करून झालं आणि पुढच्याच मिनिटाला मी त्याची उलटतपासणी सुरू केली. “किती वाजता आला रे? कुणाच्या नावाने आलाय? विषयात काय लिहिलंय? पोर्टल आधी बदललं की मेल आधी आला?” त्याने बिचाऱ्याने सगळं सांगितलं. मेल विभागाच्या पीएचडी कार्यक्रमाच्या संचालकांचा होता, पोर्टलवर, म्हणजे अर्जाची स्थिती दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या पानावर, अजून ‘अंडर रिव्ह्यू’ (तपासणी चालू) असंच होतं. मी माझं पोर्टल उघडलं. माझ्याकडेही ‘अंडर रिव्ह्यू’. दोघांची स्क्रीन अगदी सारखी, आणि एकाचा प्रवेश झालेला.

त्यानंतरच्या रात्री कशा जातात हे ज्याने अर्ज केलाय त्याला सांगायला नको. हिवाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्या साडेदहा तास मागे असतो. तिथली कचेरी सकाळी 9 ला उघडते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, आणि 5 ला बंद होते तेव्हा पहाटेचे साडेतीन. कॅलिफोर्निया आणखी तीन तास मागे, म्हणजे तिथला दिवस मावळेपर्यंत आपल्याकडे सकाळचे साडेसहा होतात. थोडक्यात, मेल येण्याची सगळी वेळ ही आपल्या झोपेची वेळ. शुक्रवारची रात्र सगळ्यात वाईट, कारण तेव्हा आलं नाही तर सोमवार संध्याकाळपर्यंत काही नाही. जानेवारी आणि फेब्रुवारीतले तिसरे सोमवार तर तिकडे सुट्टीचे असतात, हे ठाऊक नसलेला माणूस त्या दिवशीही डोळे ताणून बसतो.

कॉलेजातली एक सीनिअर तेव्हा तिकडे पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होती. आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. एका रविवारी तिला फोन लावला.

“ताई, जानेवारी संपला. त्याला येऊन आठवडा झाला. माझं काही खरं नाही ना?”

“अगं, त्या विभागाने पहिली फेरी पाठवली, एवढंच त्यातून कळतं. बाकीच्या ठिकाणी तर कमिटी अजून बसलीही नसेल. नाताळ ते नववर्ष कचेऱ्या बंद. शिफारसपत्रं जानेवारी उजाडेपर्यंत येत राहतात. मग फायली वाटल्या जातात, मग प्रत्येक जण आपापल्या वेळेने वाचतो. आमच्याकडे एक सर परिषदेला गेले होते म्हणून बैठक पुढच्या आठवड्यावर गेली. तू म्हणतेस तुझं काही खरं नाही, आणि इकडे तुझी फाईल कुणी उघडलेलीही नसेल.”

तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं, हे नंतर मी स्वतः पाहिलं. विभागासमोरचा प्रश्न ‘ही मुलगी चांगली आहे का’ एवढाच नसतो. तो असा असतो: आपल्याकडे पाच वर्षं स्टायपेंड आणि ट्यूशन फी देण्याइतके पैसे किती जणांचे आहेत, आणि आपण बोलावलेल्यांपैकी किती जण येतील? समजा दहा जागा आहेत आणि दरवर्षी निम्मे लोक दुसरीकडे जातात. मग वीस जणांना ऑफर द्यायची. पण त्यातले सोळा ‘हो’ म्हणाले तर सहा जणांचा पाच वर्षांचा खर्च कुठून काढणार? म्हणून सावध विभाग आधी थोड्यांना बोलावतो, उत्तरं येऊ देतो आणि मग पुढचा हप्ता काढतो. पहिल्या फेरीनंतर कित्येक फायली अशाच मध्ये थांबलेल्या असतात: नकार दिलेला नाही, होकार देता येत नाही.

होकार लवकर आणि नकार उशिरा का येतो, याचंही कारण यातच आहे. होकार विभागातला माणूस स्वतः लिहितो, कधी फोन करतो, कारण त्याला तुम्ही यायला हवे असता. औपचारिक पत्र मागाहून विद्यापीठाच्या ग्रॅज्युएट स्कूलकडून, म्हणजे सगळ्या विभागांचे पदव्युत्तर प्रवेश सांभाळणाऱ्या कचेरीकडून, येतं. नकार बहुतेकदा ग्रॅज्युएट स्कूलच्या सिस्टिममधून एकगठ्ठा जातात, आणि तो गठ्ठा निघतो विभागाचं सगळं आटोपल्यावर. त्यामुळे मार्चच्या अखेरीस आलेला नकार हा ‘शेवटपर्यंत तुमचा विचार चालू होता’ याचा पुरावा नसतो, आणि फेब्रुवारीतच आलेला नकार हा ‘बघताक्षणी फेकून दिलं’ याचाही नसतो. दोन्हीकडे गठ्ठा कधी निघाला एवढंच कळतं.

आता शांततेचा अर्थ. इथे मला माझ्या विषयाचा आधार वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आकडे केवळ समजण्यापुरते घेऊ. तीनशे अर्ज आले. वीस जणांना पहिल्या फेरीत ऑफर गेली, तीस जण मनातल्या राखीव यादीत आहेत, अडीचशे जणांना नकार जाणार आहे. निकालाआधी तुम्ही त्या पन्नासांत असण्याची शक्यता सहापैकी एक. पहिली फेरी गेली आणि तुम्हाला मेल आला नाही, म्हणजे आता तुम्ही उरलेल्या दोनशे ऐंशींपैकी एक. त्यातले तीस राखीव. शक्यता उतरली, साधारण नऊपैकी एकवर आली. शिवाय राखीव असणं म्हणजे प्रवेश नव्हे. हे कटू आहे आणि ते तसंच मान्य करायला हवं. ‘शांतता म्हणजे काहीच नाही’ असं धीर देणारे सांगतात, ते खरं नाही. पहिली फेरी निघून गेल्याची खात्रीची बातमी ही माहिती असते.

पण ती एकदाच मिळते. दुसऱ्या दिवशीही मेल आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, पुढच्या आठवड्यातही नाही, या सगळ्यातून नवं काहीच कळत नाही, कारण मधल्या काळात विभाग काही ठरवतच नसतो. तो बोलावलेल्यांच्या उत्तराची वाट पाहत असतो. तुमची शक्यता नऊपैकी एक होती ती तेवढीच राहते, आणि तुमच्या मनात मात्र रोज सकाळी मोबाईल पाहून ती आणखी आणखी घटत जाते. रोज नव्याने नाकारलं गेल्यासारखं वाटतं. त्या फेब्रुवारीत माझी झोप उडाली होती ती या रोजच्या वजाबाकीने. हे कागदावर मांडून पाहिल्यावर मी मेल बघण्याची वेळ ठरवून घेतली, सकाळी उठल्यावर एकदा. उपयोग झाला.

पोर्टलबद्दल थोडंसंच. ट्रान्सक्रिप्टपुढे (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकापुढे) हिरवी खूण आली, ‘सबमिटेड’चं ‘अंडर रिव्ह्यू’ झालं, एखादा नवा रकाना दिसू लागला, यातून काही काढू नका. कचेरीतल्या कुणीतरी कागद तपासून बटण दाबलेलं असतं, कधी तेही सिस्टिम आपोआप करते. ‘आपल्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, लॉगिन करा’ असा मेल होकारालाही तोच असतो आणि नकारालाही. एकच खूण माझ्या पाहण्यात बऱ्यापैकी खात्रीची निघाली: प्राध्यापकाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यावरून, तुमच्या कामाचा उल्लेख करून लिहिलेला मेल. नकार द्यायला इतका वेळ कुणी घालवत नाही.

दुसऱ्याच्या तारखेशी आपली तारीख ताडून बघणं हा सगळ्यात मोठा सापळा, कारण दोन अर्ज एकाच रांगेत उभे असतात हे गृहीतच चुकीचं असतं. काही विद्यापीठांत मोठ्या फेलोशिप विद्यापीठ पातळीवर असतात आणि विभागाने त्यांसाठी नावं लवकर पाठवायची असतात. ज्यांची नावं जातात त्यांच्या फायली आधी वाचल्या जातात. माझ्या मित्राच्या लवकर आलेल्या मेलमागे हेच होतं, फेलोशिपचं पत्र पुढे त्याला वेगळं मिळालं. उलट कधी फेलोशिपची मंजुरी यायची असते म्हणून ऑफर थांबते, आणि ज्याला सगळ्यात चांगली ऑफर मिळणार असते तोच महिनाभर तळमळत असतो.

जीवशास्त्राकडे झुकणाऱ्या कार्यक्रमांत जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, त्यामुळे तिथे मुलाखतीचं बोलावणं न येणं बरंच बोलकं असतं. शुद्ध गणिताच्या विभागांत अनेकदा मुलाखतच नसते, तिथे ती न येण्याला अर्थ नाही. आणि आपल्यासारख्या परदेशी अर्जदारांची आणखी एक गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्यांना जादा ट्यूशन फी लागते. दुसऱ्या राज्यातला अमेरिकी विद्यार्थी साधारण वर्षभरात कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरू शकतो, आपण विद्यार्थी व्हिसावर ठरत नाही. ते जादा पैसे पीएचडीत बहुतेकदा विभागाला किंवा गाईडला स्वतःच्या निधीतून भरावे लागतात. त्यामुळे तिथे परदेशी विद्यार्थ्यांचा हिशेब वेगळा मांडला जातो. तिथल्या एखाद्या अमेरिकी मुलाला 5 फेब्रुवारीला कळलं म्हणून आपल्यालाही तेव्हा कळायला हवं होतं, असं होत नाही.

शांततेचं कारण विभागाच्याही बाहेर असू शकतं, हे 2025 च्या फेब्रुवारीत सगळ्यांनी पाहिलं. 7 फेब्रुवारीला अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, एनआयएचने, संशोधन अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चावर, म्हणजे इमारती, वीज, कचेरी अशा वरखर्चासाठी मिळणाऱ्या रकमेवर, 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. कित्येक विद्यापीठांना तोवर 50 टक्क्यांच्या वर दर मिळत होता. न्यायालयाने ती अंमलबजावणी थांबवली, पण पुढे काय होणार हे कुणालाच सांगता येईना. काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश थांबवले, काहींनी जागा कमी केल्या. जैवविज्ञानाच्या बाजूला तर याचा फटका थेट बसला. त्या महिन्यात मला ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज यायचे, “ताई, माझ्या एसओपीत काही कमी पडलं का?” त्यांच्या एसओपीचा त्या शांततेशी काही संबंध नव्हता. समित्यांनी पसंत केलेली मुलंसुद्धा पैशाची खात्री नाही म्हणून थांबवली गेली होती. तेव्हा नकार मिळालेल्या मुलांनी स्वतःला लावून घेतलं असेल, तर कृपा करून ते सोडून द्यावं.

माझं पुढे काय झालं ते सांगते. फेब्रुवारीत एक ऑफर आली होती, बऱ्यापैकी फंडिंगसह. पण ज्या विभागात मला मनापासून जायचं होतं तिथे सगळं शांत. मार्चच्या मध्यावर, पहिली फेरी होऊन, निवडलेल्यांना बोलावून विभाग दाखवायचे ‘भेटीचे दिवस’ही उरकलेत असं कळल्यावर, मी विभागाच्या समन्वयकांना चार ओळींचा मेल टाकला. माझ्या अर्जाबाबत काही निर्णय झाला आहे का, मी यादीत असेन तर तिथे यायला अजूनही उत्सुक आहे, आणि डिसेंबरनंतर माझा एक शोधनिबंध स्वीकारला गेला आहे, एवढंच. विचारलं तर चिडतील, नाव खाली जाईल, ही भीती आपल्याकडे फार असते. विनयाने, योग्य वेळी, एकदा विचारल्याने तसं काही होत नाही. दोन दिवसांत उत्तर आलं: तुम्ही राखीव यादीत आहात, यादीला क्रमांक नाहीत, हालचाल झाली तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात होईल.

‘यादीला क्रमांक नाहीत’ हे मला तेव्हा टोलवाटोलवीचं वाटलं होतं. तसं नसतं. जनुकीय माहितीवर काम करू पाहणारी मुलगी दुसरीकडे गेली, तर विभागाला तिच्या जागी त्याच अंगाचं कुणी हवं असतं. क्लिनिकल ट्रायलवाला गेला तर तसा माणूस. त्यामुळे पुढचा नंबर कुणाचा, हे कोण सोडून जातो यावर ठरतं.

आणि सोडून जाणारे 15 एप्रिलच्या तोंडावर जातात. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा एक ठराव आहे, त्यावर सह्या केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्याच्या ऑफरवर त्या तारखेआधी उत्तर द्यायची सक्ती करत नाहीत. विद्यार्थ्याला सगळ्या ऑफर समोर ठेवून निवडता यावं म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. पण तिचा एक परिणाम असा की ज्याच्या हातात पाच ऑफर आहेत तो पाचही शेवटच्या दिवसापर्यंत धरून बसू शकतो. प्रत्येक धरलेल्या ऑफरमागे राखीव यादीतलं कुणीतरी अडकलेलं असतं. ज्या जागी आपण जाणार नाही हे मार्चमध्येच पक्कं झालं, तिथे त्याच दिवशी नाही कळवावं. पाच मिनिटांचं काम आहे. भेटीच्या दिवसांत आता पाहुण्या विद्यार्थ्यांना विभाग दाखवायचं काम माझ्याकडे असतं, तेव्हा मी हे प्रत्येकाला सांगते. आमच्याकडे न येणाऱ्यांनाही.

मला मेल आला 14 एप्रिलच्या रात्री. जागा मोकळी झाली आहे, फंडिंग पूर्ण आहे, उद्या संध्याकाळी 5 पर्यंत उत्तर हवं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात, त्यामुळे माझ्यासाठी ती वेळ होती 16 तारखेची पहाट, अडीच. घाईतही मी दोन प्रश्न विचारले: उन्हाळ्याचे महिने स्टायपेंडमध्ये धरले आहेत का, आणि मला ज्या बाईंकडे काम करायचं आहे त्या नवे विद्यार्थी घेताहेत का. दोन्हींची उत्तरं तासाभरात आली. उशिरा बोलावलं म्हणून त्यांचा स्वर जराही उपकाराचा नव्हता. आधी इथे होकार दिला, मग दुसऱ्या विभागाला आभार मानून नकार कळवला. बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, “आता तरी झोप.” झोप लागली नाही, पण ते वेगळं.

एवढं उशिरा नक्की झाल्याचा खरा त्रास होतो तो पुढच्या कागदपत्रांत, आणि त्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. ग्रॅज्युएट स्कूलचं औपचारिक पत्र आल्याशिवाय आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा कागद, निघत नाही. आय-20 हातात आल्याशिवाय 350 डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) भरता येत नाही आणि व्हिसाची मुलाखत देता येत नाही. फेब्रुवारीत ज्यांचं ठरलं त्यांच्या मुलाखती होऊन गेल्या तेव्हा मी तारखांसाठी संकेतस्थळ उघडून बसले होते, कारण वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होणार. म्हणून राखीव यादीत असलेल्यांनी मार्चमध्येच पासपोर्टची मुदत बघून घ्यावी, कॉलेजातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवून ठेवाव्यात, आणि ऑफर येताच समन्वयकांना विचारावं की आय-20 साठी काय काय लागेल आणि ते कुणाकडे पाठवायचं. माझ्या विभागाने ते पत्र ग्रॅज्युएट स्कूलकडून आठवड्याभरात काढून घेतलं. मी विचारलं नसतं तर ते नेहमीच्या ओघात मे उलटल्यावर आलं असतं, असं समन्वयकांनीच मला पुढे सांगितलं.